चार वजनांत एक मण: समतोल त्रिमानात संख्या लिहिण्याची, वाचण्याची आणि तपासण्याची रीत

जुन्या हिशेबात ४० शेरांचा एक मण. समजा तराजू दोन पारड्यांचा आहे, माल पूर्ण शेरांतच येतो, आणि १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कुठलाही माल मोजता आला पाहिजे. कमीत कमी किती वजनं ठेवावी लागतील? बहुतेक जण १, २, ४, ८, १६, ३२ अशी सहा सांगतात. उत्तर चार आहे: १, ३, ९ आणि २७. चौघांची बेरीज नेमकी ४०.

कोडं जुनं आहे. इटलीच्या फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथात ते येतं, फ्रान्सच्या बाशेने १६१२ मध्ये ते पुन्हा मांडलं. मेख एवढीच, की वजन मालाच्या पारड्यातही ठेवता येतं. समोर ठेवलं की ते मिळवलं जातं, मालासोबत ठेवलं की वजा होतं.

आपल्याकडच्या धान्याच्या मापांशी हे ताडून पाहा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. नावं नि मापं गावागणिक थोडी बदलतात (आणि मापाचा शेर वेगळा, वजनाचा वेगळा, हेही लक्षात असू द्या), पण दुपटीची शिडी पक्की आहे. म्हणजे चक्क द्विमान पद्धत. मापाने फक्त ओतता येतं. "एक पायली घाला आणि त्यातून एक चिपटं वजा करा" असं एका ओतण्यात होत नाही. तराजूला वजाबाकी येते, म्हणून तराजूला तीनचा पाया परवडतो. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

तीन अंक

प्रत्येक वजनाच्या तीनच अवस्था असू शकतात. समोरच्या पारड्यात असेल तर त्याला ध (धन) लिहू, मालासोबत असेल तर ऋ (ऋण), आणि वापरलंच नसेल तर ०. या तीन अंकांनी, तीनच्या पायावर संख्या लिहिण्याची रीत म्हणजे समतोल त्रिमान. चार वजनं, प्रत्येकाच्या तीन अवस्था, म्हणजे ३ × ३ × ३ × ३ = ८१ मांडण्या. त्यांतल्या ४० धन संख्यांच्या, ४० ऋण संख्यांच्या आणि एक शून्याची. एकही मांडणी वाया जात नाही, एकही संख्या दोनदा येत नाही.

उजवीकडून स्थानांच्या किमती अशा: १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७. पुढे जायचं तर तिप्पट करत राहा. पहिल्या चौदा संख्या एकदा हाताने लिहून काढा, बोट वळलं की पुढचं सोपं जातं:

१ = ध
२ = धऋ
३ = ध०
४ = धध
५ = धऋऋ
६ = धऋ०
७ = धऋध
८ = ध०ऋ
९ = ध००
१० = ध०ध
११ = धधऋ
१२ = धध०
१३ = धधध
१४ = धऋऋऋ

मराठवाड्याचे आठ जिल्हे इथे ध०ऋ झाले, म्हणजे ९ मधून १ वजा. आणि १३ वरून १४ वर जाताना काय झालं ते पाहा: जवळची सगळी वजनं समोर टाकून संपली, मग पुढचं मोठं वजन समोर आलं आणि आधीची सगळी उडी मारून मालाच्या बाजूला गेली.

दशमानातून इकडे आणायची कृती

संख्येला ३ ने भागा. बाकी ० आली तर ० लिहा. १ आली तर ध. २ आली तर ऋ लिहा आणि भागाकारात १ मिळवा, कारण २ म्हणजे ३ उणे १. ती तीनची उसनवारी पुढच्या स्थानावर जमा करायची असते. भागाकार शून्य होईपर्यंत हेच करत राहायचं. अंक उजवीकडून डावीकडे मिळतात, हे विसरलात तर संख्या उलटी होईल.

२३ घेऊ. २३ ला ३ ने भागलं, भागाकार ७, बाकी २: ऋ, आणि ७ चे ८. आता ८: भागाकार २, बाकी २: पुन्हा ऋ, आणि २ चे ३. पुढे ३: भागाकार १, बाकी ०. शेवटी १: ध. डावीकडून वाचलं तर ध०ऋऋ. पडताळा: २७ − ३ − १ = २३.

मोठी संख्या म्हणून १९४८ घ्या. मराठवाडा मुक्त झाला ते वर्ष, म्हणून वेगळं पाठ करायला नको.

१९४८ → ६४९, बाकी १: ध
६४९ → २१६, बाकी १: ध
२१६ → ७२, बाकी ०
७२ → २४, बाकी ०
२४ → ८, बाकी ०
८ → २, बाकी २: ऋ, भागाकार ३
३ → १, बाकी ०
१ → ०, बाकी १: ध

उत्तर ध०ऋ०००धध. म्हणजे २१८७ − २४३ + ३ + १. हीच संख्या पुढे सगळ्या कसोट्यांना वापरणार आहे, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

तराजूवर करून पाहायचं असेल तर

मुलांना शिकवायचं असेल तर फळ्यापेक्षा हा मार्ग बरा. हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे ऐंशी नट आणा. चाळीसांची चार वजनं करा: एक सुटा, तीन दोऱ्यात ओवलेले, नऊ ओवलेले, सत्तावीस ओवलेले. पिशव्या वापरू नका, पिशवीचं वजन हिशेबात घुसतं. उरलेल्या चाळिसांतले हवे तेवढे नट एकाने पातळ कागदात गुंडाळून द्यायचे. किती आहेत ते दुसऱ्याने तोलून सांगायचं.

अंदाजाने वजनं हलवत बसण्यापेक्षा क्रम पाळा. पुडीत २३ आहेत असं धरू. तोलणाऱ्याला ते माहीत नाही.

आधी समोर ९, ३ आणि १ ठेवा, म्हणजे १३. पुडीचं पारडं खाली गेलं तर माल तेरापेक्षा जास्त, म्हणून २७ लागणारच. तसं नसेल तर २७ बाजूला. इथे पुडी खाली जाते. मग लहान वजनं काढा आणि समोर एकटं २७ ठेवा. आता समोरचं पारडं खाली गेलं, म्हणजे माल सत्ताविसाला कमी पडतो. किती कमी? चारपेक्षा जास्त कमी असेल तरच ९ ची गरज आहे, कारण चारपर्यंत ३ आणि १ निभावून नेतात. म्हणून ३ आणि १ पुडीसोबत ठेवा. काटा मधोमध थांबला: ९ नको, ३ आणि १ मालाच्या बाजूला, ध०ऋऋ. इतकं करूनही २७ चं पारडं खालीच राहिलं असतं, तर ९ पुडीच्या बाजूला गेलं असतं आणि तीच चौकशी ३ साठी करावी लागली असती.

प्रत्येक टप्प्यावर प्रश्न तोच: जे उरलं ते पुढच्या सगळ्या लहान वजनांच्या बेरजेत मावतं का? त्या बेरजा १३, ४, १ अशा येतात.

एक सूचना. लोखंडाचं २७ किलोचं वजन ओतून मोंढ्यात नेऊ नका. व्यापारात १, २, ५, १०, २०, ५० अशा क्रमातलीच, वैधमापनाचा शिक्का असलेली वजनं चालतात. तसाही आता मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आणि क्विंटलचा भाव आहे. शेर-मणाची जागा १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने किलोने घेतली. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा होता.

ऋण संख्या, लहान-मोठं, बेरीज

ऋण संख्येसाठी वेगळं चिन्ह लागत नाही. सगळे ध आणि ऋ अदलाबदल केले की झालं: −२३ म्हणजे ऋ०धध. तराजूवर दोन्ही पारडी बदलल्यासारखंच. संख्या धन की ऋण हे तिच्या पहिल्या अंकावर कळतं. दोन संख्यांत मोठी कोणती हे पाहायला लांबी डावीकडे शून्यं लावून सारखी करा आणि डावीकडून पहिला वेगळा अंक बघा. ऋ सगळ्यात लहान, मग ०, मग ध. ऋण संख्यांनाही हाच नियम, अपवाद नाही. दशमानात −२३ आणि −१७ यांत मोठी कोणती हे विचारलं की वर्गात निम्मे हात चुकीच्या बाजूला वर जातात, तो घोळ इथे होतच नाही.

बेरजेचं कोष्टक अगदीच लहान. ध आणि ऋ एकत्र आले की ०. ध आणि ध म्हणजे २, ते ऋ लिहून हातचा ध. ऋ आणि ऋ म्हणजे उणे २, ते ध लिहून हातचा ऋ. हातच्यामुळे तीन ध जमले तर ० आणि हातचा ध. बस.

२३ आणि १७ मिळवू. १७ म्हणजे २७ − ९ − १, अर्थात धऋ०ऋ.

ध०ऋऋ
धऋ०ऋ

एकं: ऋ आणि ऋ, लिहा ध, हातचा ऋ. तीनचं स्थान: ऋ, ० आणि हातचा ऋ, पुन्हा ध लिहून हातचा ऋ. नऊचं स्थान: ०, ऋ, हातचा ऋ, परत तेच. सत्तावीस: ध, ध आणि हातचा ऋ, उरला ध. उत्तर धधधध, म्हणजे ४०. मुद्दाम तीनदा हातचा येणारं उदाहरण घेतलं आहे. एरवी इतकी वेळ येत नाही. अंकांच्या नऊ जोड्यांपैकी दोनच जोड्या हातचा काढतात. दशमानात शंभरातल्या पंचेचाळीस काढतात.

वजाबाकीसाठी दुसरी संख्या उलटवून मिळवा. २३ − १७ करताना धऋ०ऋ चं ऋध०ध झालं; ध०ऋऋ मध्ये मिळवलं की ०धऋ०, म्हणजे ९ − ३ = ६. उसना घ्यायची भानगड नाही. गुणाकारात तर पाढाच नाही: ध ने गुणलं की जशीच्या तशी, ऋ ने गुणलं की उलटी, ० ने गुणलं की शून्य, मग जागा सरकवून बेरीज.

मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव यांच्या चमूने १९५८ मध्ये सेतून नावाचा संगणक याच पद्धतीवर बांधला होता. असे पन्नासेक संगणक तयार झाले. पुढे जगाने द्विमान धरलं. दोन अवस्थांचा भाग तीन अवस्थांच्या भागापेक्षा बनवायला सोपा, एवढं कारण माझ्या मते पुरेसं आहे.

विभाज्यतेच्या कसोट्या

दशमानात ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेने होते, कारण १० हा ९ पेक्षा एकने जास्त. ११ ला एक आड एक चिन्ह बदलून बेरीज करतात, कारण १० हा ११ पेक्षा एकने कमी. पाया बदलला की कसोट्या बदलतात, कारण मात्र तेच राहतं. आता पाया ३ आहे, तेव्हा ३, ९, २७ यांच्या एक घर अलीकडे-पलीकडे कोण बसलंय ते पाहायचं: २ आणि ४, ८ आणि १०, २६ आणि २८. या सहा संख्यांतच बहुतेक कामाच्या कसोट्या आहेत.

३ आणि ९ साठी काहीच करायला नको. शेवटी एक शून्य असेल तर ३ ने भाग जातो, दोन असतील तर ९ ने.

२ साठी ध आणि ऋ मिळून किती आहेत ते मोजा. ही मोजणी सम आली तर संख्या सम, नाहीतर विषम. सगळी वजनं विषम आहेत, आणि विषम संख्या मिळवा की वजा करा, सम-विषम सारखंच उलटतं. १९४८ मध्ये शून्येतर अंक चार, म्हणून सम. २३ मध्ये तीन, म्हणून विषम. शेवटचा अंक बघून सम-विषम सांगायची सवय मात्र इथे मोडावी लागते. सुरुवातीला हेच सगळ्यात खटकतं.

४ साठी उजवीकडून एक आड एक चिन्ह बदलत बेरीज करा. ध०ऋ०००धध मध्ये उजवीकडून पहिला ध: +१. दुसरा ध: −१. सहाव्या जागेवर ऋ आहे, तिथे चिन्ह उलटतं, म्हणून +१. आठव्या जागेवर ध, तिथेही उलटतं: −१. बेरीज ०. म्हणजे १९४८ ला ४ ने भाग जातो, ते लीप वर्ष होतं.

८ आणि १० साठी उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा. १९४८ च्या जोड्या ध०, ऋ०, ००, धध. त्यांच्या किमती ३, −३, ०, ४. नुसती बेरीज ४, म्हणून ८ ने भागल्यावर बाकी ४ उरते. आता उजवीकडून चिन्हं बदलत: ४ − ० + (−३) − ३ = −२. उणे दोन म्हणजे दहाच्या हिशेबात ८. आणि १९४८ चा शेवटचा अंक ८ च आहे! नऊ हा दहापेक्षा एकने कमी असल्यामुळे संख्येचा दशमानातला एकंचा अंक असा परक्या लिपीतूनही काढता येतो. ५ ची कसोटीही यातच आली.

१३ साठी तीन-तीन अंकांचे गट (२७ हा २६ पेक्षा एकने जास्त). १९४८ चे गट: ध०, ऋ००, ०धध, किमती ३, −९, ४, बेरीज −२. म्हणजे १३ ने भागल्यावर ११ उरतात. १३ × १४९ = १९३७, आणि ११. जमलं. ७ साठी तेच गट, फक्त उजवीकडून चिन्हं बदलत: ४ + ९ + ३ = १६, बाकी २. दशमानात ७ ची सोपी कसोटी सांगताना भल्याभल्यांना घाम फुटतो, इथे ती तिसरीतल्या पोराच्या हाती देता येते. ११ साठी पाच-पाचचे गट लागतात, कारण २४३ = २ × १२१ + १; एवढे लांब गट करण्यापेक्षा सरळ भागाकार केलेला बरा.

जवळची संख्या काढणं

या पद्धतीचा हा गुण मला सगळ्यात आवडतो. शेपटी तोडली की जवळचीच संख्या मिळते. १९४८ चे शेवटचे दोन अंक शून्य करा: ध०ऋ०००००, म्हणजे १९४४. ९ च्या पटींत १९४८ ला सगळ्यात जवळची तीच आहे. का? शेवटच्या दोन जागांत जास्तीत जास्त ४ मावतात, आणि ते नऊच्या निम्म्यापेक्षा कमी असतात. दशमानात १९४८ चा शेवटचा अंक शून्य केला तर १९४० उरतात, पण जवळची संख्या १९५० आहे. "पाच किंवा जास्त असेल तर वर" हा वेगळा नियम तिथे पाठ करावा लागतो.

कोणता गुण संख्येचा, कोणता लिपीचा

सम असणं, मूळ असणं, ७ ने भाग जाणं हे संख्येचं स्वतःचं असतं. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखं वाचणं हे अंगरख्यासारखं, पाया बदलला की बदलतं. वेरूळचं कैलास लेणं १६ क्रमांकाचं. दशमानात १६ मध्ये काही खास दिसत नाही. इथे ते धऋऋध होतं, दोन्हीकडून सारखं. वेरूळच्या एकूण ३४ लेण्यांची संख्या मात्र धधऋध, तिला ही जुळणी साधत नाही.

देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अंकांच्या अशाच खेळांतून ६१७४ चा स्थिरांक आणि हर्षद संख्या दिल्या. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी संख्या. १९४८ च्या अंकांची बेरीज २२, भाग जात नाही. दशमानात ती हर्षद नाही. समतोल त्रिमानात बेरीज १ − १ + १ + १ = २, आणि भाग जातो. पण ही व्याख्या इथे सरसकट लावू नका: ८ म्हणजे ध०ऋ, अंकांची बेरीज शून्य, आणि शून्याने भागणार कसं?

नुसत्या ध च्या संख्यांकडे एकदा लक्ष द्या: १, ४, १३, ४०, १२१, ३६४, १०९३. यातली १०९३, म्हणजे सात वेळा ध, मूळ संख्या आहे. शिवाय २ च्या १०९२ व्या घातातून १ वजा केला तर उत्तराला १०९३ च्या वर्गाने भाग जातो. असं वागणाऱ्या मूळ संख्या आजवर दोनच सापडल्या आहेत, दुसरी ३५११. पहिलीचा हा गुण १९१३ मध्ये लक्षात आला.

संगणकावर करताना

वरची भागाकाराची कृती धन संख्यांना कुठेही चालते. ऋण संख्यांना सांभाळा. −२३ ला ३ ने भागल्यावर सी आणि जावा या भाषा बाकी −२ सांगतात, पायथन आणि एक्सेलचं मॉड सूत्र १ सांगतं. पायथनमध्ये कृती जशीच्या तशी चालते: ध, ध, ०, ऋ असे अंक उजवीकडून येतात, उत्तर ऋ०धध. सीमध्ये बाकी −२ आल्यावर काय करायचं हे वेगळं लिहावं लागेल. त्यापेक्षा संख्या धन करून घ्या, अंक काढा आणि शेवटी ध-ऋ अदलाबदल करा.

सरावासाठी तीन संख्या. १०० = धधऋ०ध; हिच्यावर ४ ची आणि १० ची कसोटी लावून पाहा, दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. २०२५ = ध०ऋध००००; शेवटची चार शून्यं सांगतात की तिला ८१ ने भाग जातो, आणि उरलेला ध०ऋध म्हणजे २५. तिसरी ३६५, तिचं उत्तर इथे देत नाही. ३६४ म्हणजे सहा ध, त्यात एक मिळवा.